सफुराबींच्या वाडीतली बुरशी

रेवदंडा, ६ जुलै १९३१
अलिबागहून बैलांची दमणी चिखलात अडकत आली, तरी प्रवास मजेचा झाला. सुपारीवरच्या कोळेरोगाची बुरशी तपासायला शेतकी खात्याने मला धाडले आहे. पहिलीच स्वतंत्र कामगिरी! वाडीच्या मालकीण सफुराबी यांनी ऐसपैस खोली दिली, वर गरम भाकरी नि बोंबलाचे कालवण. त्यांचे यजमान जलीलमिया आजारी असतात, मागच्या खोलीत.

८ जुलै
सफुराबींना सूक्ष्मदर्शकातून बुरशी दाखवली. अळंबी हे नुसते फळ, खरी बुरशी मातीत नि लाकडात दोऱ्यांसारखी पसरते, स्वतःचे अन्न करत नाही, दुसऱ्यावर जगते, असे समजावले. ती दुसऱ्याला जगवते का, असे त्यांनी विचारले. काही झाडांच्या मुळांना जगवते, म्हणालो. त्यांनी पुन्हा भिंगाला डोळा लावला.

११ जुलै
चैन पडत नाही. रोगट सुपारीवरून घेऊन काचेच्या बशीत वाढवलेली बुरशी गोल पसरायला हवी. इथे सगळ्या बशांत ती मागच्या खोलीच्या भिंतीकडेच वाढते आहे. बशा फिरवून ठेवल्या, तरी पुन्हा तिकडेच. शिवाय ही कोळेरोगाची नव्हे. जाड, पांढरी. कोणत्याच वर्णनात बसत नाही.

१२ जुलै
सफुराबी ताट घेऊन जलीलमियांकडे आत जातात, भरलेलेच बाहेर आणतात. वाडीत सुपारी उतरवायला झाडावर चढणाऱ्या दादूला विचारले. जलीलमिया गेल्या पावसाळ्यात सुपारीवरून पडले, श्वास थांबला होता, म्हणाला. सफुराबींनी कुणाला आत येऊ दिले नाही. मग सांगितले, जिते हायेत.

१४ जुलै
दुपारी मागच्या खोलीचे दार उघडे दिसले. आत गेलो.
जलीलमिया बाजेवर. छाती संथ वरखाली होत होती. तोंडातून, नखांखालून पांढरे तंतू निघून बाजेच्या पायांवरून जमिनीत उतरलेले. मी बुरशी मारायच्या मोरचूद-चुन्याच्या दवेचा पंप आणला. सफुराबी आडव्या आल्या.
"दवा मारू नका, साहेब. त्यांच्यात तेवढंच जितं हाय."
मी मारली.

१५ जुलै
छाती थांबली. दफन झाले. सफुराबी रडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "आता तिला दुसरं घर लागंल."

१७ जुलै
माझ्या खोलीच्या भिंतीवर पांढरे तंतू. फवारा मारला — पुन्हा पांढरी. दमणी बोलावली, रस्ता पाण्याखाली. जीभ जड —

१८ जुलै
नखाखालचा मळ भिंगाखाली धरला. तंतू. बघायला नको होते. पायी निघतो म्हटले, पण पाय —
सफुराबी जलीलमियांच्या बाजेवर नवी चादर घालताहेत. कुणासाठी, विचारले नाही.

तारीख कोणती —
भूक नाही. सफुराबी ताट ठेवतात, नेतात. छाती हलते आहे, पण हलवतो तो मी नव्हे — खात्री करायला हवी — नाक दाबले, तोंड मिटले, श्वास रोखला. छाती तरीही वर —