उक्तं, रोजावर की तासावर

सोमवार, ४ मार्च

सासूबाईंना शुक्रवारी हॉस्पिटलमधून सोडणार. थेट आमच्याकडे! खुब्याचं ऑपरेशन, म्हणजे दोन महिने तरी नक्की. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण चार दिवसांच्या वर आम्ही दोघी कधी एका घरात राहिलेलो नाही. चौथ्या दिवशी दोघींचे चेहरे बघण्यासारखे असतात.

डॉक्टरांनी यादी दिली आहे. बाथरूममध्ये धरायला दोन दांडे, दाराचा उंबरा काढणं, दार बाहेर उघडेल असं करून घेणं. नवरोबा म्हणाले, "तू बघ ना, तुला छान जमतं." छान जमतं म्हणे!

मंगळवार, ५ मार्च

दुकानात गिऱ्हाईक कमी होतं, म्हणून चष्म्यांच्या काचा पुसत पुसत तीन फोन केले. तीन माणसं, तीन तऱ्हा. पहिला उक्तं घेतो. सगळ्या कामाचा एकच आकडा, मग दोन तास लागोत की दोन दिवस. दुसरा रोजावर. काम तासाभरात उरकलं तरी मजुरी पूर्ण दिवसाची. तिसरे एक काका, ते तासावर. सामान वेगळं, आणि एकूण किती होतील ते आधी सांगणार नाहीत. भिंत बघितल्याशिवाय कसं सांगू, म्हणाले. मी म्हटलं, भिंतीसारखी भिंत आहे हो.

तासावर म्हणजे हा माणूस स्क्रू शोधत बसणार आणि पैसे आम्ही मोजणार. रोजावर म्हणजे चहा आमचा, आराम त्याचा. उक्तंच बरं, डोक्याला ताप नाही. नवऱ्याचंही तेच मत. (आमचं एकमत! तारीख लिहून ठेवायला हवी. ठेवलीच की.)

बुधवार, ६ मार्च

उक्तेवाला आला आणि पावणेदोन तासांत गेलासुद्धा. उंबरा गेला, दार फिरलं, दांडे चकाचक. मी भलतीच खूश. दुकानात फोन करून अर्धी रजा वाचवली.

संध्याकाळी घरी आल्यावर सहज दांड्याला लोंबकळून पाहिलं. दांडा टाइलच्या तुकड्यासकट हातात आला, आणि मी धपकन खाली बसले. लागलं नाही फारसं. पण उठवेना. माझ्या जागी त्या असत्या तर, एवढंच डोक्यात. स्क्रू केवढा, तर बोटाच्या पेराएवढा.

उक्तेवाल्याला फोन केला. ठरलं तेवढं काम झालं म्हणाला, दांडा असा ओढून कोण बघतं? मी फोन ठेवला आणि तासावरच्या काकांना लावला.

गुरुवार, ७ मार्च

काका नऊ वाजून दहा मिनिटांनी आले. (लिहून ठेवलं.) साठीचे, कानावर पेन्सिल. पहिली वीस मिनिटं नुसती टकटक. बोटांनी भिंत वाजवायची, कान लावायचा, पुढे सरकायचं. माझा मनातल्या मनात गुणाकार चालू. मग वळले.

"सासूबाई उठताना जोर कोणत्या हातावर देतात?"

मला माहीत नव्हतं. उंची किती, विचारलं. माझ्या कानापर्यंत, की खांद्यापर्यंत? तेही सांगता येईना. एकोणीस वर्षं!

"विचारून या," काका म्हणाले. "तोवरचा वेळ मी धरत नाही."

टेप घेऊन हॉस्पिटलमध्ये गेले. खुर्चीत बसवून जमिनीपासून कोपरापर्यंत मापं घेतली. सासूबाई म्हणाल्या, शिंप्याकडे आल्यासारखं वाटतंय. हात डावा. शाळेत त्यासाठी वेताच्या छड्या खाल्ल्या होत्या, तेव्हा लिहायला उजवा शिकल्या, बाकी सगळं डाव्यानेच. मी कधी पाहिलंच नव्हतं. अर्धा तास बोलत बसलो. टेप माझ्या हातात तशीच.

टाइलमागे भिंत पोकळ होती. काकांनी जिथे वीट भक्कम तिथेच दांडे बसवले, दाराची बिजागरीही पुन्हा लावली. मग म्हणाले, लोंबकळा. लोंबकळले. दांडा हलला नाही. पैसे उक्त्यापेक्षा जास्त गेले. नवऱ्याने तोंड उघडलं होतं, मी कालचा उखडलेला दांडा त्याच्या हातात दिला. मिटलं.

शुक्रवार, ८ मार्च

आल्या. बाथरूममध्ये एकट्या गेल्या, एकट्या बाहेर आल्या. मी दाराबाहेर श्वास रोखून!

बुधवार, २० मार्च

खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून आज आमची चांगलीच जुंपली. जेवायला बसेपर्यंत दोघीही विसरलो. नवरा मात्र अजून घाबरून आहे.

रविवार, १४ एप्रिल

आईंनी माझ्या मुलाखतीसाठी साडीला फॉल लावला. डाव्या हाताने, झरझर. मोठ्या दुकानात मॅनेजरची जागा आहे. मी जाणार नव्हते. "जाऊन तर ये, नाही म्हणायचं तर ते म्हणतील, तू कशाला म्हणतेस आधीच?" म्हणाल्या. मी 'आईंनी' लिहिलंय वर. आत्ता लक्षात आलं.

शुक्रवार, १९ एप्रिल

जागा मिळाली!! पहिला फोन दुकानातून घरी. नवरा ऑफिसात होता.

गुरुवार, ९ मे

आईंनी आज काकांचा नंबर मागितला. त्यांच्या घरी असेच दांडे बसवून घ्यायचे, आणि मग परत जायचं म्हणतात. काका सकाळीच कोपऱ्यावर भेटले होते, या आठवड्यात मोकळाच आहे म्हणत होते.

मी आईंना सांगितलं, काकांना दोन-तीन महिने तरी अजिबात वेळ नाही.