तांबड्या विजारीची आणि माझ्यामागची व्यवस्था

मी उस्तिन्या कोंद्रात्येव्ना, वय एकोणसत्तर, राहणार तालोवाया, कुबान प्रांत, लिहून ठेवते की माझं डोकं शाबूत आहे आणि हे मी कुणाच्या धाकानं लिहीत नाही. सकाळपासून हसू आवरत नाहीये, म्हणून अक्षर हललंय.

एक. घर आणि कोंबड्या लेक मार्फाला. कोंबडा मात्र शेजारीण ग्लाफिराला द्यावा, म्हणजे पहाटे काय सोसावं लागतं ते तिलाही कळेल.

दोन. तांबडी विजार. यादवीत आम्हा लाल घोडेस्वारांना पदकं पुरत नसत, तेव्हा शौर्याबद्दल तांबडी विजार द्यायचे. ही मला मिळाली आहे, नवऱ्याला नाही. झालं असं, माझी घोडी गाल्का उपाशी होती. पांढऱ्यांच्या, म्हणजे झारवाल्या शत्रूच्या, छावणीतून लापशीचा वास आला आणि ही उधळली. मी लगाम ओढतेय, किंचाळतेय! त्यांना वाटलं, मागे अख्खी फौज आहे. सगळे पळाले. आचारी तेवढा राहिला, लापशी बुडाला लागेल म्हणून. मला म्हणतो, "बाई, मारायचं तर मार, पण आधी हे ढवळ." तोच माझा लुक्यान.

विजारीच्या एका पायात मी अख्खी मावले. लुक्यानला मात्र बेतून शिवल्यासारखी बसली, मग लग्नच केलं. दर मिरवणुकीत तोच ती घालतो. गाव त्यालाच वीर समजून सलाम ठोकतं आणि आम्ही घरी येऊन पोट धरधरून हसतो.

पण उद्या क्रांतीची पन्नाशी. सामूहिक शेतीचे अध्यक्ष येऊन म्हणाले, "आजोबा, यंदा तुम्ही घोड्यावर!" लुक्यान जन्मात घोड्यावर बसलेला नाही.

"उस्त्या, पडून मरेन गं मी."

"रडू नकोस. मी बसते."

"तू? आणि तुझे गुडघे?"

"चालायचंय घोड्याला, मला नाही."

तेव्हा विजारीत दोन उशा कोंबून उद्या मी बसणार. घोडा दूधगाडीचा आहे, दर दाराशी थांबतो. मिरवणूक पोचेल तेव्हा पोचेल.

तीन. मी पडून मेले तर घोड्याला मारू नये. विजार माझ्या अंगावरून काढू नये, तशीच पुरावी, म्हणजे लुक्यानला पुन्हा कुणी घोड्यावर चढवणार नाही. अध्यक्षांना हा कागद मोठ्यानं वाचून दाखवावा.

चार. लापशीचा हंडा लुक्यानचा. तो आधीपासूनच त्याचा आहे.

धडधाकट परत आले तर कागद चुलीत घालावा. मैदानाच्या टोकाला लुक्यान गरम लापशीचा हंडा घेऊन उभा राहणार आहे. घोडा हवा तिथं आणून थांबवायचा दुसरा उपाय मला तेव्हाही ठाऊक नव्हता.

उस्तिन्या (सही माझीच)

साक्षीदार: येफिम साव्विच, जनावरांचे डॉक्टर (घोडा तपासला, बाई नाही)
ग्लाफिरा तिखोनोव्ना (सही करते, कोंबडा नको)

तालोवाया, ६ नोव्हेंबर १९६७