फक्त हातांची ओळख

१ मार्च, रविवार

आजही तीळताईचा कॅमेरा बंद! हा तिसरा महिना. आवाज येतो, हसते, आमच्यातल्या तिसरीचा चुकलेला टाका अचूक पकडते — पण तिची चौकट काळी. "कॅमेरा बिघडलाय गं." इतके दिवस कुणाचा कॅमेरा बिघडलेला राहतो?

आमच्या रविवारच्या विणकामाचा नियमच आहे — व्हिडिओ कॉल लावून फोन डोक्याच्या वर टांगायचा, कॅमेऱ्याचं तोंड खाली. फक्त हात दिसले पाहिजेत. चेहरा नाही, घर नाही, फोटो मागायचे नाहीत. नियम तिचाच. "तोंडं बघत बसलो तर नुसत्या गप्पा होतील, विणायचं राहील." त्यामुळे आम्ही तिघींनी एकमेकींना पाहिलेलंच नाही. मनगटावर मोठा तीळ आहे ती तीळताई. मधल्या बोटात जाड अंगठी आहे ती अंगठी. आणि मी इंजिन, कारण माझ्या सुया थांबत नाहीत.

उभा जन्म सिटी बस चालवली. निवृत्त झाले आणि स्टिअरिंग गेल्यावर हातांचं करायचं काय तेच कळेना. टाका कशाशी खातात तेही ठाऊक नव्हतं. तीळताईच्या हातांकडे बघत बघत शिकले. आता डेपोतल्या निम्म्या ड्रायव्हरांच्या अंगात माझे स्वेटर आहेत.

आमचा कंटाळा आला असेल तर तिनं तसं सांगावं. दुसरं काही असेल तर तेही सांगावं. मी जाऊन विचारणार आहे. ठरलं.

४ मार्च, बुधवार

मुलाला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. "आई, जिचं तोंड पाहिलं नाहीस तिच्या घरी? तेही एकटी, विमानानं? हात दाखवून अवलक्षण!" म्हटलं, बाबा रे, तूही सूनबाईशी आधी चार महिने फोनवरच बोलत होतास. तेव्हा मी काही म्हटलं?

सूनबाईला हसू आवरेना. तिकीट तिनंच काढून दिलं. खिडकीजवळचं!

५ मार्च, गुरुवार

तीळताईला फोन केला. म्हटलं, भेटायला येतेय. लगेच, "आत्ता नको गं. घर रंगवायला काढलंय."

सकाळी कॅमेरा बिघडतो, दुपारी घर रंगतं. मी काय काल जन्मले? अंगठीला फोन लावला. ती तीळताईच्या शेजारच्याच गावात राहते, पण तिलाही "नको, नको" करून लांब ठेवलंय. एकटीला दार वाजवायचा धीर होत नव्हता म्हणे. "इंजिनबाई, तुम्ही या. मी विमानतळावर येते." पत्ता माझ्याकडे आहे. तीळताईनं मला पहिली लोकर पाठवली होती, त्या पुडक्यावर.

१३ मार्च, शुक्रवार

पोचले! एकटी!

विमानतळावर भलतीच लवकर गेले. मुलगा म्हणाला, "आई, अजून दारं तरी उघडलीत का?" पण ड्रायव्हरनं गाडी चुकवली तर डेपोत तोंड दाखवायला जागा राहायची नाही. विमानातल्या बाईनं सांगायच्या आधीच पट्टा बांधला. शेजारचा माणूस विमान उडताना डोळे मिटून बसला होता. त्याला म्हटलं, घाबरू नका, चढावर गाडी अशीच ओढते. त्यानं एक डोळा उघडला आणि परत मिटला.

उतरताना दारात वैमानिक उभा. मुलापेक्षा लहानच असेल. "छान उतरवलंत," म्हटलं, "शेवटचा ब्रेक थोडा आधी लावला असता तर चाललं असतं." त्यानं विचारलं, "आपण?" म्हटलं, सिटी बस. त्यानं टोपीला हात लावला! अंगावर मूठभर मांस चढलं. हे मुलाला फोनवर दोनदा सांगितलं.

बाहेर ही गर्दी. आता अंगठीला ओळखायचं कसं? चेहरे बघून उपयोग नव्हता, म्हणून सगळ्यांचे हात बघत सुटले. कठड्यावर बोटं वाजवणारा एक हात दिसला. जाड अंगठी! जाऊन तो हातच धरला. ती दचकली, माझ्या बोटांकडे बघितलं, मग वर तोंडाकडे. "अय्या, तुम्ही इतक्या उंच?" मला ती पन्नाशीची वाटायची. तिशीचीही नाही! दोघी तिथेच हसत उभ्या, लोक वळसा घालून जात होते.

१४ मार्च, शनिवार

दार तीळताईच्या लेकीनं उघडलं. रंगाचा वाससुद्धा नव्हता. आम्ही कोण ते सांगितलं तशी ती उंबऱ्यातच उभी राहिली. हळू आवाजात म्हणाली, "आई आता विणत नाही. तिच्यासमोर विषय काढू नका, प्लीज."

आतून आवाज आला. "कोण आहे गं?" तोच आवाज! मी लेकीच्या बाजूनं सरळ आत.

खुर्चीत एक बारीक, पिकल्या केसांची बाई. मांडीवर शाल. उजवा हात शालीवर — मनगटावर तीळ. डावा शालीखाली.

अर्धांगाचा झटका आला होता. पाय सावरला, बोलणं वाचलं, डावा हात गेला. आणि ती डावखुरी. "हातांच्या मंडळात हात नसलेली बाई काय करणार?" असं म्हणाली. मला राग आला. अंगठी रडायला लागली. मी खडसावलं — दोघींनाही. तीन महिने अंधाराशी बोलायला लावलंस, ताई, ते काय आम्ही तुझे टाके मोजायला येत होतो म्हणून?

 तिनं आम्हाला जेवायला थांबवून घेतलं.

१५ मार्च, रविवार

रविवार म्हणजे विणायचा दिवस. लेक डोळे वटारत होती, तरी मी सुया काढल्या. इथं पाहुणी म्हणून बसायला नव्हते आले.

मी दोन ओळी विणल्या. तीळताई टक लावून बघत होती. "इंजिन, इतकी वर्षं तुझे हात बघतेय, पण तू डावखुरी आहेस हे बोलली नाहीस कधी."

"मी? छे! उजवी आहे."

"मग डाव्या हातानं का विणतेस?"

मी हातांकडे बघितलं. खरंच की! डावी सुई चालत होती. अगं, विणायचं असंच असतं ना? तुझ्याकडे बघून शिकले, तू करत होतीस तसं केलं. मला तर इतकी वर्षं वाटत होतं की अंगठीच उलटी विणते!

अंगठी हसून हसून आडवी. "आणि मला दर रविवारी 'सरळ वीण' म्हणून दटावायच्या!" तीळताईही हसली, डोळे पुसले. माझ्या डाव्या हाताकडे बघत राहिली. मलाही त्याच क्षणी सुचलं.

तिच्या डाव्या बाजूला खेटून बसले. टाक्यांची सुई तिच्या उजव्या हातात दिली, चालती सुई माझ्या डाव्यात. माझा उजवा हात रिकामा होता, तो तिच्या खांद्यावर टाकला. पहिला टाका निसटला. दुसराही. "सावकाश, इंजिन, ही बस नाही." मग जमलं! तिनं सुई किंचित पुढे करायची, मी टाका उचलायचा. पूर्ण ओळ झाली तेव्हा मान इतकी ताठ झाली की दुखायला लागली. वैमानिकानं टोपीला हात लावला ते यापुढे काहीच नाही.

लेक दारात उभी होती. म्हणाली, "मला लहानपणी आई शिकवायची. मी उजवी, ती डावी. दोघी चिडायचो. शेवटी सोडूनच दिलं."

म्हटलं, मीही उजवीच आहे की गं.

१६ मार्च, सोमवार

परत. या वैमानिकाचा ब्रेक चांगला होता. उद्या डेपोत जाऊन सगळं सांगणार आहे.

२२ मार्च, रविवार

तीळताईचा कॅमेरा चालू! चौकटीत दोन हात. उजवा तीळवाला. डावा तरुण, नखांना रंग, सुई धरली होती झाडूसारखी. मी माझा डावा हात अगदी संथ केला. असं. पुन्हा बघ, पोरी. घाई नाही. बऱ्याच वेळानं एक टाका नीट बसला. तीळताईचा हात थांबला. मग आवाज आला, "अगं, हा तर माझा टाका!"