मागच्या पुठ्ठ्यावरचे खिसे

३ ऑक्टोबर

पेट्या आल्या! पाच. खेचरवाल्याने शाळेच्या पायरीशी उतरवल्या आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "बाई, यात दगड भरलेत का? माझं खेचर वळणावर बसलं ते उठेचना." म्हटलं, पुस्तकं आहेत. तर म्हणतो, "मग दगड बरे. ते भिजले तरी चालतात."

उन्हाळ्यात ताईला एकच कार्ड टाकलं होतं. बाबांची पुस्तकं शाळेला देशील का, एवढंच. तीन वर्षांत आमच्यात झालेलं पहिलं बोलणं. उत्तर आलं नाही, आणि आज एकदम पाच पेट्या. पोरांना लवकर घरी पिटाळलं. एकेक पेटी उपसली, तळ चाचपला, एकेक पुस्तक पाठीला धरून झटकलं. पहिली पानं पाहिली. चिठ्ठी नाही. एक ओळ नाही. एकशे अडतीस पुस्तकं झटकून हात भरून आले.

ताईच ती. मागितलं ते दिलं, वर एक अक्षर नाही.

४ ऑक्टोबर

पुस्तकांना अजून बाबांच्या खोलीचा वास आहे. बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून घरी आले की स्वतःसाठी वाचायचे. पुस्तक संपलं की मागच्या पुठ्ठ्यावर आतून पेन्सिलीने तारीख घालायचे, दूधवाला घालतो तशी. आम्ही दोघी चिडवायचो त्यावरून.

एकाही पुस्तकाचा मागचा पुठ्ठा उघडला नाही मी. त्या तारखा बघवणार नाहीत.

ते दोन वर्षं अंथरुणाला खिळले होते. सगळं ताईने केलं. मी सुट्टीत जायची, पाहुणीसारखी. शेवटच्या हिवाळ्यात बर्फाने वाट बंद झाली आणि मी पोचले ती सगळं आटोपल्यावर अकरा दिवसांनी. ताई दारातच उभी. "तुला परक्यांची पोरंच जवळची. जा तिकडेच." मीही गप्प बसले नाही. म्हटलं, "तू तरी होतीस ना त्यांच्याजवळ!" तिचा चेहरा कसातरीच झाला. म्हणाली, "मी कुठे होते?" त्याचा अर्थ मला आजवर लागलेला नाही. त्याच पावली परत फिरले.

९ ऑक्टोबर

शाळेला लागून लोकरीची जुनी कोठी आहे, ती मिळाली. दोन दिवस झाडली तरी नाकात लोकर जाते. सुताराने फळ्या मारायला घेतल्या. माणूस कामाला चोख, पण ऐकेल तर शपथ! मी म्हटलं, माझ्या उंचीच्या करा. त्याने पहिलीतल्या सगळ्यात बुटक्या पोरीला भिंतीला टेकवून उभं केलं, हात वर करायला लावला आणि तिथे खूण केली. "याच्या वर फळी नाही. वर ठेवलं ते मोठ्यांचं होतं."

एक फळी जास्तच केली. ही कशाला? तर म्हणे, "जागा असली की येतात. माणसं येतात, पुस्तकं का नाही येणार?" खिडकीशी एक बाकही ठोकला. दोघींपुरता. म्हटलं, मी एकटीच तर बसणार. तो रंधा मारत राहिला.

१७ ऑक्टोबर

पोरांच्या सहा आया मदतीला आल्या. लिहिता-वाचता कुणालाच येत नाही, पण हात असे की बघत राहावं! कव्हरं घालायला दोघी, कात्रीला दोघी, एक खिसे दुमडणारी आणि एक खळ लावणारी. तिने पिठाची खळ अशी घोटली की एक गुठळी सापडेल तर शप्पथ. पोरांनी लगेच तिचं नाव खळवाली ठेवलं. मी नोंदवही घेऊन पहिल्या पानावरून नाव उतरवायचं, क्रमांक घालायचा, पुढे सरकवायचं. मागे आतून कागदी खिसा चिकटवायचा, त्यात नेणाऱ्याचं कार्ड.

खळवालीने पहिलंच पुस्तक उघडून विचारलं, "बाई, इथे मागे निळं काहीतरी लिहिलंय. खिसा जरा वर लावू?"

मी वहीतून डोकं वर काढलं नाही. "नको. बरोबर त्याच्यावरच लाव. सगळ्यांना तसंच."

"बरं. डाग तिथे ठिगळ," म्हणाली आणि कामाला लागली. तीन दिवसांत सगळी पुस्तकं हातावेगळी झाली. सुटल्यासारखं वाटलं. खरंच वाटलं.

२ नोव्हेंबर

वाचनालय सुरू! फीत नाही, भाषण नाही. कोठीचं दार उघडलं आणि तेवीस पोरं आत घुसली. पहिली पाच मिनिटं कुणी पुस्तकाला हात लावेना. नुसतं बघायचं. मग बुटक्या पोरीने खालच्या फळीवरचं सगळ्यात जाड पुस्तक ओढलं आणि त्यावर बसली. बसू दे. सुरुवात कुठूनही होते.

ओढ्यापलीकडच्या घरातल्या दोघा भावंडांनी मिळून एकच नेलं. वाटेत भांडतील आणि ओढ्यात पाडतील, ही माझी धास्ती.

१९ नोव्हेंबर

खेचरवाला उद्या शेवटचा खाली जाणार. मग मार्चअखेरपर्यंत कुणी वर नाही, कुणी खाली नाही. खेचरांची वाट लांबची, दोन दिवसांची. पायवाट एका दिवसाची, पण तो उतार म्हणजे सरळ कडाच.

ताईला पोच द्यायलाच हवी. चार कार्डं लिहिली, चारही फाडली. एकात रडले होते, एकात भांडले होते. मग मनात म्हटलं, तिला एक ओळ लिहावीशी वाटली नाही ना? पाचवं पाठवलं. "पेट्या पोचल्या. मुलांतर्फे आभार." खाली सही, शाळेचा शिक्का.

शिक्का मारताना बरं वाटलं होतं. आता वाटत नाही.

२० नोव्हेंबर

खेचरवाला दिसेनासा झाल्यावर आठवलं, कार्ड त्याच्याकडून परत मागता आलं असतं.

११ जानेवारी

बर्फ खिडकीच्या कडेपर्यंत. शाळेत चौदाच पोरं. शाळा सुटल्यावर खळवाली आली, कोठीच्या दारात उभी. पुस्तक हवंय का विचारलं तर मान हलवली. मग म्हणाली, "पोरगी चुलीपाशी बसून वाचते आणि एकटीच हसते. कशाला हसते कळत नाही. सांग म्हटलं की म्हणते, सांगून मजा जाते."

आजपासून रोज एक अक्षर. पाटी मुलीचीच. खडू असा धरते की मोडेल म्हणून मीच श्वास रोखून.

६ फेब्रुवारी

खळवालीने आज स्वतःचं नाव लिहिलं. मग नवऱ्याचं. मग नवऱ्याचं पुसून टाकलं — काल भांडण झालंय म्हणे.

९ मार्च

आज जे झालं ते नीट लिहिलं पाहिजे.

वरच्या फळीवर उंदीर शिरले. पुस्तकं सोडली, खळ खाल्ली. पिठाचीच ती! आठ-दहा खिसे कुरतडलेले. खळवालीला वाईट वाटलं. "माझ्याच हाताला चव," म्हणाली आणि लोंबणारा एक खिसा तिने ओढून काढला. खाली निळी अक्षरं. ती तशीच बोट ठेवून वाचायला लागली, शिकवलंय तसं, एकेक जोडत.

"चिं... गे. हे... बा... बां... ना... दो... न... दा... वा... चू... न..."

मी फळा पुसत होते. तशीच उभी राहिले.

"दा... ख... व... लं." ती थांबली. दमली होती, पण तोंड फुललेलं. "बाई, ही चिंगी कोण हो?"

म्हटलं, "मी."

पुढचं मी वाचलं. 'दोन्ही वेळा त्याच जागी हसले.' बाबांची पेन्सिलीची तारीख वर, फिकट. तिच्याखाली ताईचं अक्षर, बॉलपेनचं. बाबांनी जन्मात निळ्या शाईने तारीख घातली नव्हती. ते त्या दिवशी मला कळायला हवं होतं. मीच म्हटलं होतं, त्याच्यावरच लाव!

१० मार्च

सहाही जणी आल्या. न बोलावता. ज्या हातांनी लावले त्याच हातांनी काढायला. चुलीवर किटली, वाफेवर पुठ्ठा धरायचा, खळ सुटली की सुरीच्या पात्याने हळूच उचलायचा. मी वाचायचं. त्या म्हणाल्या, मोठ्याने वाचा बाई, आम्ही झाकलंय ते आम्हालाही कळू दे.

'चिंगे, चौदा पानांत झोपले. चिंगीची वाट उघडली का, विचारत होते.'

'यातली म्हातारी आपल्या आत्यासारखी आहे. बाबा म्हणाले, हे तुला कळवायचं. कळवलं.'

'आज जेवले नाहीत. वाचू दिलं मात्र.'

प्रत्येक पुस्तकात आहे. उघडलं त्या सगळ्यांत! दोन वर्षं ती त्यांना वाचून दाखवत होती, आणि बाबांच्या तारखेखाली मला लिहीत होती. मी मात्र पेटीचा तळ चाचपत होते.

१२ मार्च

नव्वद झाली. आज हे निघालं.

'आज मला म्हणाले, चिंगे, तू आलीस ते बरं झालं. ताई फार दमते गं. मी हो म्हटलं.'

आणि त्याच्या दोन पुस्तकं पुढे:

'आता रोज चिंगीच म्हणतात. ताई कुठे गेली विचारतात. मी ओ देते.'

मला पुढे वाचवेना. खळवालीने माझ्या हातातून पुस्तक घेतलं, तेच पुन्हा अक्षरं जोडत वाचलं आणि मिटून मांडीवर ठेवलं. किटली उतू गेली.

मी कुठे होते, म्हणाली होती ताई. रात्रंदिवस उशाशी बसून ती त्यांच्या लेखी तिथे नव्हतीच. तिथे होते ती मी, जी इथे होते! आणि मी तिला तोंडावर म्हटलं, तू तरी होतीस ना.

ताई, मला माफ कर गं.

१५ मार्च

एकशे सदतीस झाली. एकाची अर्धी ओळ उंदराने खाल्ली. 'बाबांनी तुझ्यासाठी जपून ठेवलेली ती' — पुढे भोक. ती काय, ते ताईलाच विचारायला लागेल.

आयांनी आपसात ठरवून टाकलं, नवे खिसे पुढच्या पुठ्ठ्याला. मागचं उघडं राहणार. पोरांनी वाचलं तर? खळवाली म्हणाली, "वाचू देत की. बहिणी कशा असतात ते कुठल्या धड्यात आहे?"

एक पुस्तक राहिलं. ओढ्यापलीकडे आहे, नोव्हेंबरपासून. ओढ्यावरचा लाकडी साकव बर्फाखाली.

२८ मार्च

साकव मोकळा झाला. भावंडं पुस्तक घेऊन आली, कोरडं ठणठणीत, फडक्यात बांधलेलं. पाच महिन्यांत सहा वेळा वाचलं म्हणाली, दुसरं नव्हतंच. किटली ठेवायलाही धीर धरवला नाही, ओल्या बोटाने खिसा सोडवला. यात बाबांची तारीख नाही. नुसतं ताईचं अक्षर, ताजं.

'चिंगे, हे शेवटचं. कपाट रिकामं झालं, घर खायला उठेल. हिवाळा सरून वाट उघडली की चार दिवस येऊ का तुझ्याकडे? मी तुला दारातून परत पाठवलं, तेव्हा तुलाही नाही म्हणायचा हक्क आहे. नको असेन तर तसं लिही. राग नाही.'

आणि मी लिहिलं होतं: मुलांतर्फे आभार. शिक्का मारून.

२९ मार्च

खेचरवाल्याची वाट बघायची तर अजून आठवडा. पायवाटेने जाणार. उद्या पहाटे. सुतार म्हणाला, "त्या उतारावर शेळीसुद्धा विचार करून पाय टाकते." म्हटलं, शेळीला ताई नसते. त्याने काठी तासून दिली.

किल्ली खळवालीकडे. नोंदवहीही. नावं तीच लिहिणार.

३१ मार्च

ताईच्या दाराला कुलूप.

गुडघे सुजलेत, काल कसे उतरले ते आठवत नाही; रात्री पायथ्याशीच थांबले, सकाळी इथे. शेजारच्या काकू बाहेर आल्या, मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला. म्हणाल्या, "अगं, ती परवाच निघाली तुझ्याकडे! खेचरवाल्याला गळ घालून, लांबच्या वाटेने. हिवाळाभर तुझं ते कार्ड घेऊन बसायची. म्हणायची, आमची चिंगी असं लिहीतच नाही, आभार काय, शिक्का काय! नक्की काहीतरी दुखतंय तिला. कुणी येऊ नको म्हटलं तरी आता मी जाणार."

म्हणजे काल मी उतरत होते तेव्हा ती डोंगराच्या दुसऱ्या अंगाने चढत होती. कोठीची किल्ली खळवालीकडे आहे, ती दार उघडून देईल. या घटकेला ताई खिडकीजवळच्या बाकावर बसली असेल, सगळी पुस्तकं मागून उघडी. मी तिच्या पायरीवर बसून हे लिहितेय. काकूंनी चहा दिलाय. तो प्यायले की निघते.