नकाशावरची चिन्मयी

२ नोव्हेंबर

पोचले बाप्पा एकदाची सासरी! वर्ध्याहून निघताना आईनं इतका चिवडा बांधून दिला की जबलपूर जसं काही उपाशी गाव आहे. माझा नवरा आल्हाद स्टेशनवर आला होता. महाराजपुरातलं घर छोटं आहे, पण उजेड भरपूर. माझ्या बोलण्याला कॉलनीतली पोरं हसतात अन् त्यांच्या अर्ध्या हिंदी मराठीला मी हसते. फिट्टंफाट.

घरात शिरल्यावर आल्हादनं सगळ्यात आधी माझा मोबाईल मागितला. घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये एक नकाशा आहे. त्यावर ज्याचा त्याचा गोल फोटो, अन् जो जिथं जाईल तिथं त्याचा फोटो सरकतो. त्यात माझाही टाकला, लग्नातला, नथीचा. सासूबाई म्हणाल्या, चलो, आता खरी घरची झाली.

त्यांची रीत भारीच आहे. मोबाईल मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवतात. आल्हादचा फोटो फॅक्टरीतून निघून घराजवळचं अधारताल ओलांडून आला की तवा चढतो. त्यानं बूट काढले की पोळी फुगलेली. बापू, म्हणजे सासरे, रेल्वेतून रिटायर झालेले. ते म्हणतात, आमच्या गाड्या कधी इतक्या वेळेवर नाही धावल्या. मी तर पोट धरून हसले.

९ नोव्हेंबर

ओमतीच्या बाजारात बांगड्या घ्यायला गेले. खोव्याची जलेबी दिसली, थांबले, तर लगेच सासूबाईंचा फोन, आमच्यासाठीपण घेऊन ये म्हणे. तेव्हा मजा वाटली. मग शेजारच्या दीपादीदीकडे जरा जास्त बसले, तरी फोन. बाजारातून वेगळ्या रस्त्यानं आले, तरी फोन, काहून तिकडून आलीस म्हणे. भिंतीला कान असतात ऐकलं होतं, इथं तर पर्सलाच डोळे फुटले.

वर्ध्याला मी शाळेत गणित शिकवत होते. इथंही नोकरी करते म्हटलं, तर बापू म्हणाले, अभी काहेकी जल्दी, वर्षभर थांब. आल्हाद मान खाली घालून जेवत राहिला. असा राग आला ना! राइट टाऊनच्या एका शाळेनं मुलाखतीला बोलावलं आहे. मला ती नोकरी पाहिजे म्हणजे पाहिजेच. नाहीतर मी या घरात नुसता एक गोल फोटो होऊन जाईन.

१४ नोव्हेंबर

जमलं! दीपादीदी स्कूटरनं ग्वारीघाटावर नर्मदामाईच्या दर्शनाला जाते. घरी सांगितलं, मीपण तिच्यासोबत जाते. तिनं मला राइट टाऊनला सोडलं अन् माझा मोबाईल घेऊन एकटी घाटावर गेली. इकडे माझी मुलाखत झकास झाली, तिकडे नकाशावर मी दुपारभर नदीकाठी.

परत येताना दीदीनं सांगितलं, पाण्यात उतरताना मोबाईल भिजू नये म्हणून पायरीवर बसलेल्या एका बाईच्या हातात दिला होता. म्हणे तुझ्याच उंचीची, तुझ्याच अंगलटीची. माझा नथीचा फोटो ती खूप वेळ पाहत बसली होती, मग हसून मोबाईल परत दिला. मी चिडले, अनोळखी माणसाच्या हातात कुणी देतं का? दीदी म्हणाली, नर्मदामाईजवळ काय होते?

घरी सासूबाई इतक्या खुश! किती वेळ घाटावर बसलीस ग, मी पाहत होते, म्हणाल्या. गरम पोळी वाढली, वर तुपाची धार. चोराच्या मनात चांदणं.

१७ नोव्हेंबर

सकाळी सासूबाईंजवळ बसून मेथी निवडत होते. मोबाईल माझ्या मांडीवर. तेवढ्यात आल्हादचा फॅक्टरीतून फोन, पुन्हा घाटावर कशाला गेलीस? नकाशा पाहिला तर खरंच, माझा फोटो घाटाच्या पायरीवर. बिघडलं असेल म्हणून बंद करून चालू केला. फोटो तिथंच.

सासूबाईंनी मोबाईलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मोबाईलकडे पाहिलं. अन् निवडलेली मेथी एकट्याच उचलून घेऊन गेल्या.

१९ नोव्हेंबर

शाळेतून फोन आला. निवड झाली माझी! जेवताना सगळं खरं सांगून टाकायचं ठरवलं. बसायला गेले तर माझं ताटच नाही. म्हटलं, आई, माझं? त्या बापूंना म्हणाल्या, चिन्मयी अजून घाटावरच दिसून राहिली, आत्ताच कशाला वाढू, पोळी गार होईल.

मी समोर उभी! हात धरून हलवलं तेव्हा दचकल्या. झोपेतून उठल्यासारखं पाहत राहिल्या, मग घाईघाईनं ताट आणलं. आल्हाद हसला. आईचं वय झालं म्हणे. मला हसू नाही आलं.

२१ नोव्हेंबर

तो नकाशा माझ्या मोबाईलमधून काढून टाकला. मोबाईल बंद करून कपाटात ठेवला. तरी आल्हादच्या मोबाईलवर माझा फोटो आहेच. घाटावर.

दीपादीदीकडे गेले. दार उघडलं अन् तिचा चेहरा पांढराफटक. म्हणे, मी आत्ता घाटावरून येऊन राहिली, तू तिथं पायरीवर बसली होतीस. मी हाक मारली, तू हात हलवलास.

हे सांगतानासुद्धा ती माझ्याकडे नाही, माझ्या मागच्या भिंतीकडे पाहत होती.

२३ नोव्हेंबर

सगळं सांगितलं. खोटं बोलले, मोबाईल दुसरीकडे पाठवला, मुलाखत दिली, नोकरी लागली. वाटलं, ओरडतील. ओरडा ना! चार शिव्या द्या!

कुणी मान वर केली नाही.

आल्हाद मोबाईलवर बोलत होता. हसत होता. लवकर ये ग, करमत नाही म्हणत होता. विचारलं, कुणाशी बोलून राहिलास? त्याच्या स्क्रीनवर माझं नाव. माझा मोबाईल कपाटात. बंद.

घर फिरलं की वासेही फिरतात. पण मी केलं काय? एक नोकरीच तर मागितली.

२४ नोव्हेंबर

वर्ध्याला जाते. बॅग घेऊन निघाले. अधारतालला रिक्षावाल्यांना हात केला, भैया, भैया म्हणून ओरडले. एकही थांबला नाही. एकाची रिक्षा तर माझ्या अंगावरच —

घरी परत आले. सासूबाईंच्या मोबाईलवरून बाबांना फोन लावला. बाबा, मला न्यायला या. ते हॅलो हॅलो करत राहिले. मग मागे आईला म्हणाले, कुणी बोलतच नाही. अन् चिन्मयीचा तर आत्ताच फोन येऊन गेला, मजेत आहे पोरगी.

फोन ठेवला त्यांनी.

२५ नोव्हेंबर

फोटो घाटावरून हलला.

सासूबाई गाणं गुणगुणून राहिल्या. कणीक मळली. बापूंनी नवा शर्ट घातला. आल्हादनं सुट्टी घेतली — माझ्यासाठी. मी त्याच्या शेजारी बसले. खांद्यावर डोकं ठेवलं. त्यानं खांदा झटकला, माशी बसल्यासारखा.

फोटो ओमतीला.

देवा, मला नोकरी नको. काही नको. फक्त एकदा माझ्याकडे पाहा म्हणावं यांना.

अधारताल. तवा ठेवला —

खोलीत आले आहे. दार लावलं. कडी बसत नाही —

बाहेर गेटचा आवाज. आली ग बाई, म्हणाल्या सासूबाई. सगळे हसताहेत. अन् तो आवाज — माझा. माझा आवाज आहे तो. म्हणते आहे, खूप फिरणं झालं, आता कुठंच जाणार नाही. शाळेला नाही म्हणून कळवलं. घरीच राहीन.

बापू शाब्बास म्हणाले. आल्हाद — किती दिवसांनी असा हसला.

सासूबाई तिला सांगताहेत, जा, साडी बदलून ये, तोवर पोळी करते. खोली रिकामीच आहे.

रिकामी नाही. आई, रिकामी नाही, मी इथं —

बांगड्या वाजल्या. दाराशी. मी इथं आहे, मी इथं आ