ऑपरेशनची बाटली

।। श्री वैजनाथ प्रसन्न ।।

परळी वैजनाथ
६ ऑगस्ट २०२४

प्रिय त्रिंबकास मल्लिनाथचा स. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. कान आधीच गेलेले, आता बाथरूममधी घसरून पाय बी मोडून घेतलास. दीड महिना प्लास्टर म्हणजे गंमत न्हाई. तुझी बहीण शिवकांता दोनदा रडली. नवऱ्यापेक्षा भावाची काळजी जास्त, चाळीस वर्षं बघतोय मी.

इकडं नातीचे, शिवानीचे, डोळे आलते. सकाळी पापण्या चिकटून बसायच्या, पिवळा पू. डॉक्टरांनी थेंब दिले, दिवसातून चारदा, सात दिवस. पोरीनं घड्याळ बघून टाकले अन् बरी झाली. मग लागला माझा नंबर. मला बी तेच थेंब, वर काळा चष्मा लावा म्हणाले अन् आठ दिवस दुकानात जाऊ नका. ऐन श्रावणात मॅचिंग सेंटर बंद ठेवू का? अन् काळा चष्मा लावून ब्लाउजपीस जुळवू कसा बे? मोरपंखी अन् रामा सारखेच दिसतात त्यातून. चष्मा काढावा तर बाया लाल डोळा बघून दारातूनच माघारी.

दोन दिवस थेंब टाकले, लाली हटंना. मग कपाटातली मागच्या साली मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दिलेली बाटली आठवली. हलवून टाकायची, दुधासारखी. दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र! डॉक्टरचे थेंब दिले ठेवून. शिवकांताला ह्यातलं कायबी कळवू नको, ती दुकानालाच कुलूप लावंल. तुला वैजनाथाची आण हाय. डावा डोळा लहानपणी तुझ्या विटीनं नेला, तवापासून उजवा मी लई जपलाय. घोर करू नको.

लोभ हाय तसाच राहू दे.

तुझा
मल्लिनाथ

*

गेवराई
१० ऑगस्ट २०२४

प्रिय मल्लिनाथ, स. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं अन् लगेच लिहायला बसलो. ती बाटली आत्ताच्या आत्ता फेकून दे. जन्मभर कंपाउंडरकी केली, तेवढ्यापुरतं तरी माझं ऐक. एक तर वर्षापूर्वी फोडलेली बाटली, ती महिन्याभरात टाकून द्यायची असती. त्यात स्टेरॉइड असतं. ते नुसती लाली दाबतं. जंतू मरत न्हाईत, त्यांना उलट रान मोकळं होतं. तुला वाटतं डोळा बरा झाला, अन् आत बुबुळाला जखम होत राहती.

जंतू मारायचे ते डॉक्टरांचे थेंब. दोन दिवसांत लाली हटली न्हाई म्हणून ते सोडायचे नसतात. फरक पडंना तर परत डॉक्टरकडं जायचं असतं, कपाटाकडं न्हाई. बाटलीचं तोंड पापणीला लावायचं नसतं, टॉवेल वेगळा ठेवायचा असतो. हे मी लेकरांना सांगायचो, आता तुला सांगायची पाळी आली.

दुखतंय का? उजेड सोसतो का? अंधुक दिसतंय का? खरं लिही. माझ्या पोराला, सोमेश्वरला, तुला फोन लावायला सांगितलं तर मी मजेत हाय म्हणून ठेवून दिलास. तुमच्या घरात फोन एकच, तो तुझ्या खिशात. आण घातलीस म्हणून शिवकांताला अजून कळवलं न्हाई, पण मला ह्या आणेचं लई भ्या वाटतंय. एक डोळा माझ्या माथी हाय, दुसरा घालू नको रे बाबा.

उलट टपाली खुशाली कळव अन् माझ्यावर रागवू नकोस.

तुझा
त्रिंबक

*

परळी वैजनाथ
१४ ऑगस्ट २०२४

प्रिय त्रिंबकास स. न. वि. वि.

अरे, केवढा घाबरतोस! शेवटी तू कंपाउंडरच. डोळा पांढरा हाय, पू न्हाई. जरा ठणकतो, पण ती थर्मलच्या चिमण्यांची राख. परळीत डोळा चुरचुरला तर कुणी डॉक्टरला विचारत न्हाई. दिव्याभोवती तेवढं एक कडं दिसतं.

काल मात्र भलतंच झालं. धर्मापुरीच्या एका बाईला मोरपंखी म्हणून रामा दिला. ती परत आली अन् दहा बायांत पीस काउंटरवर टाकला. इतक्या वर्षांत असं कधी घडलं न्हाई. ट्यूबलाइट बदलायला झाली आता. शिवानी म्हणती, आजोबा, तुमच्या बुबुळावर पिठाचा कण बसल्यागत ठिपका दिसतोय. तिला बी गप केलंय, उगं घरात गलका नको.

पुढच्या पत्रात अक्षर जरा मोठं काढ. हल्ली लई बारीक लिहायला लागलास.

पाय जप. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा
मल्लिनाथ

*

गेवराई
१७ ऑगस्ट २०२४

चि. सौ. शिवकांतास त्रिंबकदादाचे अनेक आशीर्वाद.

मी वैजनाथाची आण मोडतोय, पाप माझ्याकडं राहू दे. तुझ्या नवऱ्यानं डॉक्टरचे थेंब सोडून ऑपरेशनची जुनी बाटली उजव्या डोळ्यात टाकली. बुबुळावर पांढरा ठिपका आलाय. ती जखम हाय, राख न्हाई. त्याच्या पत्रातल्या ओळी एकमेकींवर चढल्यात. माझं अक्षर बारीक झालेलं न्हाई गं.

हे पत्र हाती पडताच त्याला अंबाजोगाईला डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरकडं घेऊन जा. तो भांडंल, भांडू दे. दोन्ही बाटल्या सोबत ने. सोमेश्वर कामासाठी नाशिकला गेलाय, न्हाईतर त्यालाच धाडला असता. मी इथं पाय टांगून बसलोय, जिवाची नुसती तगमग होती. आठवडाभर गप बसलो, ही माझी चूक. तू एक तास बी थांबू नको.

दादाला माफ कर.

त्रिंबक

*

परळी वैजनाथ
२६ ऑगस्ट २०२४

ति. मामाआजोबांस शिवानीचा सा. न. वि. वि.

आजोबा सांगतायत अन् मी लिहितेय. सगळं ठीक आहे, तुम्ही पाय जपा, दुकान चालू आहे, असं लिही म्हणाले. लिहिलं. आता ते झोपलेत. पुढचं माझं आहे.

आजीच्या नावाचं तुमचं पत्र मंगळवारी आलं. पोस्टमन नेहमीसारखं दुकानात देऊन गेला. आजोबांना वरचं नाव वाचता आलं नाही. वाचता येत नाही हे आम्हाला कळू नये म्हणून त्यांनी ते काउंटरच्या खणात ठेवून दिलं. तुम्ही त्यांनाच रागावून लिहिलं असेल असं वाटलं त्यांना. शनिवारी कात्री शोधताना ते मला सापडलं. आजीनं ते वाचलं अन् दोन्ही बाटल्या पिशवीत घातल्या.

त्याच दिवशी अंबाजोगाईला गेलो. आता दर तासाला थेंब टाकतोय, रात्रीसुद्धा. डॉक्टर म्हणाले, जखम भरेल, पण डाग राहील. चार दिवस आधी आणलं असतं तर, एवढंच बोलून ते चिठ्ठी लिहायला लागले. आजोबांना उजेड कळतो, माणूस कळत नाही. ठिपका मला आधीच दिसला होता. मी आजीला सांगायला पाहिजे होतं, मामाआजोबा. मला फार रडू येतं.

काल आजोबांनी तुमचं पत्र मागून घेतलं. वर नाव कुणाचं आहे विचारलं. मी आजीचं म्हणाले. मग कागदाचा रंग विचारला. मी निळा म्हणाले. निळ्यातला कुठला, असं त्यांनी विचारलं, अन् मला सांगता आलं नाही.

आम्हाला अंतर देऊ नका. तुम्ही लिहीत राहा, मी त्यांना वाचून दाखवीन.

आपली
शिवानी