ताईचं हायड्रेंजिया आणि माझे उपचार

४ मे
ताई सकाळी कुंडी ठेवून गेली. निळं हायड्रेंजिया, फुलांचे पाच भरगच्च गुच्छ, तळहाताएवढी पानं. ती तीन आठवडे ट्रेनिंगला चालली आहे. जूनपासून तिची वर्षभरासाठी परदेशी बदली आहे. त्या वर्षात शेठ कुठे राहणार, हे या कुंडीवर ठरणार. शेठ म्हणजे तिचा कुत्रा.

मला सातव्या वर्षापासून कुत्रा हवा आहे. आता मी सेहेचाळीस वर्षांचा आहे.

दारात ताई म्हणाली, "रोज सकाळी एक मग पाणी. बास. बाकी काही करायचं नाही. काही म्हणजे काही नाही." मी म्हटलं, "अगं, औषधांच्या पाकिटातली माहितीपत्रकं तपासणं ही माझी नोकरी आहे. सूचना म्हणजे काय ते मला शिकवू नकोस." ती माझ्या बायकोकडे बघून हसली. कशाला, ते कळलं नाही.

५ मे, दुपारी २.४०
सकाळची पाळी संपवून घरी आलो तर अनर्थ. सगळी पानं खाली. वार्षिक मूल्यमापन करून घेऊन केबिनबाहेर आलेल्या माणसासारखं दिसतंय झाड.

लगेच दोन मग पाणी घातलं. ताईने एकच सांगितला होता, पण ती सूचना निरोगी झाडासाठी होती.

संध्याकाळी ७. पानं ताठ! चार तासांत गुण. बायकोला हाताला धरून बाल्कनीत नेलं. ती म्हणाली, "ऊन उतरलं म्हणून उठलं असेल." तिला तिथल्या तिथे खोडून काढणं बरं दिसलं नसतं. उद्या काढीन.

६ मे
दुपारी पुन्हा खाली. पद्धतशीर जायला हवं. केसपेपर सुरू केला: जाड वही, रेघा मारून. नियम: एका दिवशी एकच उपचार. आजचा: द्रवखत, पाण्यातून. संध्याकाळी ताठ.

७ मे
मॅग्नेशियम, पाण्यातून. ताठ.

८ मे
पानांवर फवारा, शिवाय मुळाशी पाणी. औषध भरपूर पाण्याबरोबर घ्यावं हे आम्ही प्रत्येक पत्रकात छापतो. ताठ.

९ मे
उपचार: संभाषण. झाडाशी काय बोलावं सुचेना, म्हणून हाताशी होतं ते पित्ताच्या गोळीचं माहितीपत्रक मोठ्याने वाचून दाखवलं. दुष्परिणाम वगळले, रुग्णाचं मन कच्चं असतं. ताठ!

निष्कर्ष: आजवरचे पाचही उपचार शंभर टक्के गुणकारी. चौदा वर्षांच्या नोकरीत असं एकही औषध पाहिलं नाही.

बायको म्हणाली, "मग एक दिवस काहीच करू नकोस आणि बघ." युक्तिवाद बिनतोड आहे, हे मान्य करायला हवं. पण आजारी जिवाला मुद्दाम उपचारांविना ठेवणं नैतिक आहे का? जेवताना सगळा वेळ हाच विचार केला. नाही. नैतिक नाही.

१२ मे
संध्याकाळी ७. उठलं नाही.
७.१५. नाही.
७.३०. नाही. खालची तीन पानं पिवळी.
पाचही उपचार एकदम केले. मी घाबरलो का? स्वतःला स्पष्ट विचारलं. घाबरलो नाही. तातडीने वागलो.

१३ मे
गुच्छ तपकिरी पडू लागले. बायको म्हणाली, "बाल्कनीत गटार तुंबल्यासारखा वास येतोय." मी म्हटलं, मातीतली जैविक क्रिया आहे. ती म्हणाली, "तुझी जैविक क्रिया घेऊन नर्सरीत जा."

१४ मे
गेलो. नर्सरीवाल्याने कुंडी आडवी केली, बुडाशी दोन थापा मारल्या आणि झाड अलगद बाहेर ओढलं. मुळं तपकिरी आणि लिबलिबीत, जास्त शिजलेल्या नूडल्ससारखी. कुंडीतून पाणी त्याच्या चपलेवर गेलं.

म्हणाला, "साहेब, याला तहान नव्हती. याला बुडवलंय तुम्ही."

मी केसपेपर उघडून विचारलं, मग ते रोज दुपारी मान का टाकत होतं? तो म्हणाला, "दुपारी तुम्ही नाही का आडवे होत? उन्हात हे मान टाकतं, ऊन उतरलं की उठतं. जातच तशी."

आता औषध काय? "काही करू नका."

बायको, ताई आणि आता हा. तिघांचं आपसात बोलणं झालेलं असावं.

सडकी मुळं कापून त्याने कोरड्या मातीत लावून दिलं. निघताना म्हणाला, "ती वही घरीच ठेवा हां."

१५ मे
ठराव: काहीही करायचं नाही.
सकाळी ६. काही केलं नाही.
६.२०. काही केलं नाही.
६.३५. माती अजून दमट वाटली. दमटपणा काढणं म्हणजे काही करणं नव्हे, उलट केलेलं परत घेणं आहे. हेअर ड्रायर लावला.
७.००. हेअर ड्रायर बायकोने कपाटात कुलूप लावून ठेवला. म्हणाली, "किल्ली मागायची नाही, आणि का म्हणून विचारायचंही नाही."

१९ मे
सकाळी दोन पानं. दुपारी एक. संध्याकाळी झाडाला काडी म्हणायची वेळ आली. मी अजून म्हणत नाही.

२० मे
नर्सरीत सहज चक्कर मारली. तितक्याच उंचीचं, कळ्या धरलेलं एक हायड्रेंजिया होतं. घेऊन आलो. ही बदली नव्हे. शेजार आहे. दोन्ही कुंड्या शेजारी ठेवायच्या. ताईने "हेच का माझं झाड?" असं सरळ विचारलं तर मी खरं सांगणार. पण असं कोण विचारतं?

बायको म्हणाली, "म्हणजे फसवणार." मी म्हटलं, न सांगणं आणि फसवणं यांत फरक आहे. ती म्हणाली, "किती?" विचार केला. थोडा.

२२ मे
कळ्या उमलल्या. गुलाबी.

बराच शोध घेतल्यावर कळलं की फुलांचा रंग मातीवर ठरतो, तुरटीने निळा होऊ शकतो, पण त्याला एक हंगाम लागतो. माझ्याकडे तीन दिवस आहेत. त्या हिशेबाने तुरटीची मात्रा वाढवली.

२३ मे
रंग गुलाबीच. दुपारी पानं खाली. हसू आलं. आता मी तज्ज्ञ आहे. जातच तशी, संध्याकाळी उठेल.
७.००. उठलं नाही.

२५ मे
ताई आली. बरोबर शेठ. तांबूस, जाड, शांत. माझा बूट हुंगून तिथेच बसले.

दारातच सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं, पण ताई आधी बाल्कनीत गेली. एका कुंडीत काडी, दुसऱ्या कुंडीत मान टाकलेलं गुलाबी. म्हणाली, "मी एकच दिलं होतं ना रे?"

मी केसपेपर तिच्या हातात दिला. ती खुर्चीत बसून पहिल्या पानापासून वाचत गेली. पित्ताच्या गोळीपाशी चष्मा काढून डोळे पुसले. तुरटीपाशी बायकोला जवळ बोलावून पुन्हा मोठ्याने वाचलं. दोघी मिळून हसल्या. मी उभाच.

शेवटी म्हणाली, "तुला वाईट माणूस म्हणता येत नाही, हीच पंचाईत आहे."

मी विचारलं, "शेठ?" आवाज ठरवला होता त्याहून बारीक निघाला.

ताईने वही मिटली. मग बायकोला म्हणाली, "शेठला तुझ्या ताब्यात देते. याच्यापासून त्याला वाचवणारं कुणीतरी या घरात आहे." बायको म्हणाली, "अहो ताई, मला कुत्रा कधीच नको होता." ताई म्हणाली, "म्हणूनच."

अटी: मी खायला घालायचं नाही, अंघोळ घालायची नाही, औषध द्यायचं नाही, कुठेही काही वाचून येऊन ते करून बघायचं नाही. सही केली. अटी कडक आहेत, पण कुत्रा घरात येतोय. याला मी यशच म्हणेन.

१ जून
दुपारी २.४०. शेठ आले. फरशीवर झोपले आहेत.
३.००. झोपलेले. श्वास मिनिटाला अठरा. मोजायला अटींत मनाई नाही.
३.१५. झोपलेले. इतकी झोप? पण मी काही करत नाही. नुसता शेजारी बसलो आहे. पोट वरखाली होतंय. हे बघायला एकोणचाळीस वर्षं लागली. दिवसभर बसू शकेन असा.
३.२५. फक्त एकदा उठवून पाहिलं.
३.२६. शेठ उठून बायकोच्या खोलीत गेले. तिने आतून कडी लावली.